फणसाच्या पानावरच्या मिरच्या

चंद्रावतीचे परसू आणि आमचे परसू यांच्यामध्ये कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा आहे. माझ्या स्वयंपाकघराचे जनेल, म्हणजे खिडकी, त्याच बाजूला उघडते. त्यामुळे लग्न होऊन मुळगावात आल्यापासून माझ्या डोळ्यांसमोर सर्वांत जास्त वेळ कोणते माणूस राहिले असेल, तर ते चंद्रावती. माझे यजमान सकाळी बाहेर पडत ते दिवे लागल्यावर परतत. ही बाई मात्र दिवसभर तिथेच, वाफ्यांमध्ये वाकलेली. उभी राहिलेली ती किती उंच होती हे मला कितीतरी महिन्यांनी कळले.

तिचे माहेर पेडण्यातले हरमल. तिकडची मिरची लांबट, पातळ सालीची, आणि तिखटाला अशी की एक मिरची माशांच्या अख्ख्या हुमणाला पुरावी. लग्नात आईने तिला ट्रंकेतून लुगडी दिली आणि सुक्या दुध्याच्या भोपळ्यात राख घालून मिरचीचे बी दिले. लुगडी केव्हाच विरली. बी मात्र दरवर्षी नवे होत राहिले.

तिचा नवरा नारायण लग्नानंतर थोड्याच वर्षांत तापाने गेला. मूलबाळ नव्हते. सासूसासरे आधीच वारलेले, आणि घरात धाकटा दीर बाबली, तेव्हा शाळेत जाणारा. हरमलहून भाऊ तिला न्यायला आले. ती म्हणाली, "रोपां आत्ताच लावलंय. पाणी कोण घालतलो?" भाऊ पावसाळ्यानंतर येतो म्हणून गेले, पुन्हा आले, आणि पुन्हा तसेच गेले. तिने बाबलीला वाढवला, त्याला खाणीच्या गॅरेजात कामाला लावला आणि बांद्याकडची मुलगी पाहून त्याचे लग्न केले. ती मुलगी म्हणजे शेवंती. नात्याने दोघी जावा, पण वयाने आणि अधिकाराने चंद्रावती सासूच्या जागी. शेवंतीने तिला सासू मानायचे पहिल्याच आठवड्यात नाकारले आणि तिथून त्यांची भांडणे सुरू झाली.

त्या भांडणांबद्दल सांगण्यापूर्वी मिरचीचे सांगते, कारण एकावाचून दुसरे कळणार नाही.

दिवाळी झाली की चंद्रावती परसाच्या कोपऱ्यात पातेरा, म्हणजे वाळका पाला, जाळून जमीन भाजून घ्यायची. त्या राखेत बी पेरायची आणि वर माडाचे चुडत पसरायची, म्हणजे कोंबड्या उकरत नाहीत. रोपे वीतभर झाली की ऊन उतरल्यावर सरींवर लावायची. हरमलहून सुक्या मासळीचे खत पोत्यातून यायचे, त्याचा वास आम्हाला आठवडाभर पुरायचा. पाणी विहिरीचे, कळशीने, दोन्ही वेळा. आणि मुळगावात आणखी एक काम वाढीव होते. खाणीचे ट्रक वरच्या रस्त्याने जात, त्यांची तांबडी धूळ पानांवर बसे. पान धुळीने गुदमरले की मुरडते. म्हणून ती बालदीत फडके बुडवून पाने पुसायची, एकेक पान, लहान मुलाचे तोंड पुसावे तशी.

बियाण्याची मिरची ती पहिल्या तोडणीतली घेत नसे, शेवटच्या तोडणीतलीही नाही. मधल्या तोडणीतली, झाडावरच लाल झालेली घ्यायची आणि सावलीत सुकवायची. तोडणीच्या दिवसांत ती हातांना खोबरेल लावून ठेवी, तरी बोटे चुरचुरत. त्या हातांनी तोंडाला स्पर्श करायची सोय नसे. घाम आला तर ती कोपर वर करून दंडाने कपाळ पुसायची. तोडणी नसतानाही तिची ती सवय गेली नव्हती.

आता रीत. मिरची कुणी कुणाच्या हातात देऊ नये, दिली तर दोघांत भांडण होते, असे आमच्याकडे मानतात. मीठही तसेच. खाली ठेवायचे आणि दुसऱ्याने उचलायचे. म्हापशाच्या कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर असल्या गोष्टींना हसत, आणि मी त्यांच्याकडे शिकलेली. पण मीही मिरची खालीच ठेवते, अजूनही. चंद्रावतीचा तर हा नेम फार कडक. सकाळी मिरच्या तोडल्या की गडग्याजवळच्या फणसाचे एक पान खुडायची, मागच्या दाराच्या पायरीवर ते पान ठेवायची आणि पानावर मिरच्या. मग हाक मारायची, "गो, व्हर!" म्हणजे घेऊन जा. आतून शेवंती यायची, पानासकट उचलायची, आणि तिथेच पहिली ठिणगी पडायची.

"वैनी, मोजून दिलंस! आज कोण पाहुणो इलो तर काय करू?"

"पाहुण्याक तुझी जीभ पुरे. मिरसांग कित्याक व्हयी?"

"एकदा हातात देऊन बघ मगे. काय जाता ता कळात तरी."

"हातात न देता ह्या असा. हातात दिली तर बांद्याक तुझ्या भावांक बोलवचे पडतले."

असे रोज. कधी मिरचीवरून, कधी पाण्यावरून, कधी कोंबडीने अंडे कुणाच्या टोपलीत घातले यावरून. पाववाला पोदेर सायकलवरून भोंगा वाजवत आला तरी यांचा आवाज वर असायचा. बाबली त्या वेळी हमखास विडी ओढायला बाहेर जायचा. पण जेवायला दोघी पाटाला पाट लावून बसत, आणि एकीला हिव भरले तर दुसरी रात्री उठून तिच्या अंगावर गोधडी टाकी. हे सगळे मी जनेलातून पाहिलेले आहे.

शेवंतीला एकच मुलगा झाला, गोकुळदास. तो दोन बायांच्या मध्ये वाढला. आई मारायला धावली की चंद्रावतीच्या वाफ्यात लपायचा, आणि रोपे तुडवली म्हणून तिने कान धरला की आईकडे पळायचा. शेवंतीला तो आये म्हणे, चंद्रावतीला मोठी माय. मिरची लहानपणापासून खायला शिकला. पेजेबरोबर मीठ आणि एक हिरवी मिरची, बाकी काही नको. डोळ्यांत पाणी यायचे आणि हसायचा.

मोठा झाल्यावर तो खाणीच्या ट्रकवर लागला. आधी क्लीनर, मग चालक. खाणीतून माल भरायचा आणि नदीच्या धक्क्यावर नेऊन ओतायचा, जितक्या फेऱ्या तितके पैसे. सगळे चालक फेऱ्यांसाठी गाड्या पळवत. शेवंतीला ते आवडत नव्हते. तिचा एक भाऊ तुयेच्या वसाहतीत एका कारखान्यात होता. तो म्हणे, मुलाला पाठव, आमच्याकडे माणसे घेतात. गोकुळदास म्हणे, जाईन. जायचा नाही. त्याला ट्रकवर बसलेला पाहिले की कळायचे का जात नाही ते. उंचावरून आमच्या परसात बघून हॉर्न वाजवायचा, आणि चंद्रावती फडके वर करून ओरडायची, "धूळ आमच्या पानांर घाल आणि वर बोंबल!"

ती वर्षे भाषेच्या वादाची. कोकणी की मराठी यावरून बाजारात तिंट्यावर रोज बाचाबाच व्हायची. एकाच घरातले दोघे दोन सभांना जात. फेब्रुवारीत कोकणीला राजभाषा करणारा कायदा झाला, त्या संध्याकाळी गोकुळदास बातमी घेऊन आला. दोघी मागच्या दारी तांदूळ निवडत होत्या.

"मोठी माय, आता तू बोलतंस ती राजभाषा."

"मी बोलतंय ती? मग त्या राजाक सांग, येऊन जरा कळशी उचल."

"आणि मी बोलतंय ती काय?" शेवंतीने विचारले.

"तू बोलतंस खंय, आये? तू भांडतंस."

तिघेही हसले. मीही गडग्याच्या अलीकडे हसले. मला रोजची वही लिहायची सवय आहे, पण ते हसणे लक्षात राहायला मला वहीची गरज पडलेली नाही, कारण त्या तिघांचे एकत्र ते शेवटचे होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, सकाळी, धुके अजून माडांवर होते. चंद्रावतीने ओंजळभर मिरच्या तोडल्या होत्या आणि ती फणसाकडे पान खुडायला निघाली होती. गोकुळदास पायरीजवळ चूळ भरत होता. एवढ्यात कुणाचे तरी गोरू काट्यांच्या कुंपणाची वई मोडून आत शिरले आणि थेट सरींमध्ये. ऐन भरात आलेली झाडे. चंद्रावतीने "हैक! हैक!" करत एका हाताने काठी शोधली आणि दुसऱ्या हातातल्या मिरच्या, समोर होता त्याच्या, गोकुळदासच्या हातात कोंबल्या.

"धर. आवशीक दी!"

"मोठी माय, हातात दिलंस गो!" तो ओरडला, पण ती पळाली होती. तो हसत आत गेला. शेवंती आत रगड्याकडे बसली असावी. तिने हात पुढे केला असेल आणि मोठी मायने हातात दिली असे हसत सांगून त्याने मिरच्या त्या हातात दिल्या असतील. बाहेर काय झाले हे तिला दिसले नव्हते, रगड्याच्या आवाजात ऐकूही गेले नसावे. गोरू हाकलून, मोडलेली वई तात्पुरती सावरून चंद्रावती परत येते तोवर आतून आवाज चढलेला होता.

"मामा वाट बघता तुयेक. आज जावचा म्हणान तूच सांगलेलंस."

"आज गाडी सोडूक मेळाची नाय. उद्या जातंय."

"उद्या, उद्या! तुझी उद्या कधी उजाडाचीच नाय!"

पुढे काय झाले ते ऐकू आले नाही. गोकुळदास तोंड फुगवून पुढच्या दाराने गेला. पेज वाटीत तशीच राहिली, बाजूला मीठ आणि एक मिरची.

दुपारपूर्वी बातमी आली. धक्क्याकडे उतरणाऱ्या वळणावर भरलेला ट्रक उलटला होता. कुणी म्हणाले ब्रेक लागला नाही, कुणी म्हणाले माल जास्त होता, कुणी म्हणाले पुढच्या गाडीच्या पुढे काढायला गेला. खरे काय ते कुणालाच सांगता आले नाही.

त्याला घरी आणले तेव्हा अंगण माणसांनी भरले होते. शेवंती बसलेली होती, रडत नव्हती. चंद्रावती आतून पाणी घेऊन आली. शेवंतीने मान वर करून तिच्याकडे पाहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले,

"मिरची हातात दिलंस ना, वैनी?"

चंद्रावतीने तांब्या खाली ठेवला आणि दोन्ही हात पदराखाली घेतले. गोरू शिरल्याचे ती बोलली नाही. मला वाटले, आत्ता नाही, नंतर सांगेल.

तिने सांगितले नाही. बाराव्याच्या आधीच घरात दुसरी चूल पेटली. शेवंती चंद्रावतीशी बोलेनाशी झाली, तिच्या हातचे पाणी घेईनाशी झाली. डिचोलीच्या बाजारातून सुकी मिरची येऊ लागली. एकाच छपराखाली दोन बायका, आणि घरातून आवाज नाही. पोदेराचा भोंगा एवढा मोठा वाजतो हे मला तेव्हा पहिल्यांदा कळले.

मी एकदा चंद्रावतीला गडग्याशी गाठून म्हटले, "अगं, ट्रक उलटला तो उतारावर. मिरचीने ट्रक उलटत नाही. आणि तू दिलीस ती गोरू आत शिरले म्हणून. तिला सांग तरी. नाही तर मी सांगते."

ती घाबरलीच. "नको हां, बाय. तुमका माझी शपथ. तुमी शाळेत शिकल्यात ता खरां असतला. पण मिरची मीच दिलंय ना?"

शपथ घातली म्हणून मी गप्प राहिले. तिला आपला दोष मनापासून पटला आहे असेच मी समजले.

मे अखेरीस गोवा राज्य झाले. डिचोलीत फटाके वाजत होते, शाळेत मुलांना लाडू वाटले. त्या दिवशी चंद्रावती परसात मिरचीची झाडे उपटत होती. पावसाआधी ती दरवर्षीच उपटायची, पण झाडांवर लाल मिरच्या तशाच होत्या. बियाण्याच्याही. तिने काहीच काढून ठेवले नाही. सगळे खताच्या खड्ड्यात टाकले आणि वर माती ओढली. पुढच्या दिवाळीला कोपऱ्यात पातेरा पेटला नाही.

मिरची परत आली ती बाबलीमुळे. मुलाच्या मागे तो एकदम म्हातारा झाला होता. दिवसभर गॅरेजात, घरी आला की दोन चुलींच्या मध्ये ओसरीवर. एक वर्ष त्याने काढले. मग एका संध्याकाळी वहिनीजवळ येऊन बसला.

"वैनी, ह्या हाटातल्या मिरचेन पोट जळता, पण तोंड जळत नाय."

तिने चुलीत लाकूड पुढे सारले.

"गोकळ्याक आवडायची तुझी मिरसांग. तीय गेली तर ह्या घरात तेचा म्हणान काय रवला?"

भोपळ्यात तळाशी जुने थोडे बी होते. मिरचीचे बी फार टिकत नाही. तिने सगळे पेरले आणि त्यातून जेमतेम एका ओळीची रोपे उगवली. त्या ओळीला तिने जे जपले, तसे मी कुणाला काही जपताना पाहिले नाही. ट्रक अजून वरून जातच होते. तीच धूळ, तेच फडके. हॉर्न वाजला की तिचा हात पानावर थांबायचा आणि मग पुन्हा पुसू लागायचा.

पहिल्या मिरच्या लागल्या तशी ती फणसाचे पान खुडून पायरीकडे गेली. पानावर मिरच्या ठेवल्या. हाक मारली नाही. तिथून दूर जाऊन सरीत बसली, पाठ घराकडे करून. मी जनेलाशी उभी राहिले. शेवंती केरसुणी घेऊन आली, पायरी झाडली आणि पानासकट मिरच्या खाली ढकलल्या. चंद्रावतीने मागे वळून पाहिले नाही. शेवंती आत गेल्यावर उठून एकेक मिरची वेचली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पान, पुन्हा मिरच्या. तिला बाकी काही नको होते. माफी नको, पूर्वीचे दिवस नकोत. शेवंतीने एकदा त्या पायरीवरून मिरच्या उचलून आत न्याव्यात, एवढेच. मला ती एकदा म्हणाली होती, "उचलल्यान तर माका पुरे, बाय. खाल्ल्यान नाय तरी चलात."

हंगामामागून हंगाम गेले. दुपारपर्यंत मिरच्या उन्हात मऊ पडायच्या, मग ती त्या उचलून वाळत घालायची. शेवंतीने काही वर्षांनी ढकलायचे सोडले. ती पानाच्या भोवतीने झाडायची, पानाला केरसुणी न लावता. मला ते दिसले तसे चंद्रावतीलाही दिसले असणार. पण उचलले मात्र नाही. बाबली अधूनमधून एखादी मिरची गुपचूप खिशात घालून गडग्याजवळच्या फणसाखाली येऊन पेजेबरोबर खायचा. "काय करू, बाय," म्हणायचा, "एका चुलीर आमटी आसा, दुसऱ्या चुलीर तिखट आसा. मी मधी." एकदा शेवंतीने त्याला पकडले. "खिशात काय ता?" "विडी." "विडयेक देठ कधीपासून इलो?" ती एवढेच बोलून आत गेली. बाबली मला म्हणाला, "बघितल्यात? हसली असती ती. थोडक्यात चुकला."

खाणीचा खड्डा खोल गेला तशी आमच्या विहिरींचे पाणी खाली गेले. एप्रिल लागला की तळ दिसायचा. चंद्रावतीचे गुडघे धरले होते, दोर ओढताना ती दोनदा थांबायची. सरी कमी झाल्या. शेवटी पुन्हा एकच ओळ राहिली, पायरीजवळ, भांडी धुतलेले पाणी जाते तिथे. भांडी शेवंती धुवायची. तिने ते पाणी कधी दुसरीकडे वळवले नाही, एवढे मी सांगू शकते.

ती एकच ओळ राहिली त्या वर्षी, उन्हाळा संपत आलेला असताना, चंद्रावतीला ताप आला. ताप उतरला पण अंगात काही राहिले नाही. सकाळी ती भिंतीला धरून मागच्या पायरीवर येऊन बसे आणि बसूनच ओळीकडे पाहत राही. तोडायला उठता येत नव्हते. वई शाकारायची राहिली होती.

आणि गोरू शिरले. मी जनेलातून पाहिले, तांबडे, मोठे, शिंगांवर वईचा काटा अडकलेला. चंद्रावतीने "हैक" म्हटले, पण आवाज निघाला नाही. ती उठायला गेली आणि पायरीवरून खाली गुडघ्यावर आली.

शेवंती आतून बाहेर आली. हातात आमटीची डाव होती, ती तिने टाकली की तशीच घेऊन धावली मला आठवत नाही. तिने गोराच्या तोंडावर हाताने मारले, शिंग धरून ढकलले, वयाला न शोभणाऱ्या शिव्या दिल्या. गोरू गेले. दोन झाडे मुळासकट उपटली होती, बाकीच्यांच्या फांद्या मोडल्या होत्या. शेवंती खाली बसली आणि मोडलेल्या फांद्यांच्या मिरच्या खुडून पदरात घेऊ लागली. इतक्या वर्षांत तिने त्या मिरचीला पहिल्यांदा हात लावला होता.

पदर भरल्यावर ती पायरीपाशी आली. चंद्रावती अजून खालीच बसली होती. शेवंतीने तिला दंडाला धरून वर बसवली आणि मोडलेल्या वईकडे पाहिले, मग ओळीकडे, मग चंद्रावतीकडे. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू आले.

"त्या दिवशी पण गोरू रिगलेला?"

चंद्रावती गुडघ्यांवरची माती झटकू लागली.

"वैनी, तुका विचारतंय. त्या दिवशी गोरू रिगलेला म्हणान तू हातात दिलंस?"

"होय गो."

"मग सांगलंस कित्याक नाय? इतकी वर्षां!"

चंद्रावतीने पदर सावरला. मग म्हणाली, "सांगून काय जाता? मिरचेर घातलंस तू ती चूक. मिरचेर नसती घातलंस, तर आपल्यार घेतली असतंस. तुझी उद्या उजाडाची नाय म्हणान तू बोललेलंस, ता मी भायरसून आयकलेला."

मला त्या क्षणी तिने मला घातलेली शपथ आठवली. तिने मला का घाबरून गप्प केले ते मला इतक्या वर्षांनी कळले.

शेवंतीने पदरातल्या मिरच्या मुठीत घेतल्या. पान तिथे पायरीवर होते, ताप यायच्या आधीचे, सुकलेले. पानाकडे तिने पाहिलेही. मग चंद्रावतीचा हात ओढला, तळवा उघडला, त्यात मिरच्या ठेवल्या आणि वरून तिची बोटे मिटली.

"ह्या काय केलंस?" चंद्रावती म्हणाली.

"घे. आता भांड माझ्याशी."

चंद्रावतीने मुठीकडे पाहिले. मग त्या आजारी बाईचा आवाज कुठून आला देव जाणे. "भांडू? वई शाकारूक कोण मेला तुझ्या घरात? घोवाक सांगूक तोंड नाय तुका? दोन झाडां गेली माझी!"

"तुझी? पाणी कोणाचा पिऊन वाढली ती? माझ्या भांड्यांचा!"

"खरकट्या पाण्याचो उपकार सांगतंस?"

"सांगतंय! शंभरदा सांगतंय!"

बाबली पुढच्या दाराने धावत आला, त्याला वाटले कोणी पडले. दोघी ओरडत होत्या आणि दोघींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. दोघींचे हात मिरचीचे, पुसणार कसे? दोघींनी कोपरे वर केली आणि दंडाने डोळे पुसले. बाबलीने ते पाहिले आणि परत फिरून ओसरीवर जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला. मी जनेल लावून घेतले.

त्या दिवसापासून एक चूल विझली. दोघी पुन्हा भांडू लागल्या, पण चंद्रावतीत पूर्वीचे बळ नव्हते. दोन वाक्यांनी थकायची आणि म्हणायची, "बाकीचा उद्या." शेवंती त्या शब्दाला दचकायची आणि म्हणायची, "उद्या नको. आताच बोल काय ता." पावसाळ्यात ती अंथरुणालाच होती. शेवंती तिला पेज भरवायची आणि पेजेबरोबर मिरचीचे टोक जिभेला लावायची. श्रावणात चंद्रावती गेली. अखेरपर्यंत शुद्धीत होती. गोकुळदासचे नाव दोघींपैकी कुणी काढले की नाही मला माहीत नाही. ते त्या दोघींमधले.

हरमलहून भाचे आले होते. त्यांनी जाताना विचारले, आत्येचे काही ठेवायचे आहे का. शेवंतीने फक्त भोपळा ठेवून घेतला.

आता त्यालाही बरीच वर्षे झाली. बाबली गेला, माझे यजमान गेले. गडग्याच्या पलीकडे शेवंती एकटी आणि अलीकडे मी. दिवाळीनंतर ती कोपऱ्यात पातेरा जाळते, चुडत पसरते, रोपे लावते. फडक्याने पाने पुसते. तिला मिरचीचा हात चंद्रावतीसारखा नाही. झाडे मुरडतात, फळ कमी धरते, आणि ती झाडांना शिव्या देते. पण दरवर्षी बियाण्यापुरत्या मिरच्या ती मधल्या तोडणीतून काढून ठेवते.

सकाळी मी चहा घेऊन जनेलाशी बसते तेव्हा ती परसात असते. मिरच्या तोडून झाल्या की फणसाचे एक पान खुडते. मागच्या पायरीवर पान ठेवते, पानावर मिरच्या ठेवते. मग हात धुते, घराला वळसा घालून पुढच्या दाराने आत जाते. थोड्या वेळाने मागचे दार उघडते. ती आतून बाहेर येते, पायरीवर वाकते आणि पानासकट मिरच्या उचलून आत नेते.